शब्द पाठ झाले, सोयरीक कोण शिकवणार?

माणिकगडच्या पहाडावर वसलेल्या जिवतीच्या बाजारात एक फेरी मारली तर कोलामी, गोंडी, गोरमाटी, तेलुगू आणि मराठवाडी वळणाची मराठी अशा पाच भाषा कानावर पडतात. हिंदी-उर्दू वेगळीच. इथल्या गुड्यावरचे दहा वर्षांचे पोर त्यातल्या दोन-तीन भाषा सहज बोलते. घरी कोलामी, शाळेत मराठी, दुकानदाराशी तेलुगू. हेच पोर पुढे दहावीला इंग्रजीत अडते, बारावीला पुन्हा अडते आणि पदवी हातात घेऊन स्पर्धा परीक्षेला बसले की इंग्रजीच्याच पेपरने मागे राहते. मग सर्वांचे निदान ठरलेले असते. या पोरांना इंग्रजी झेपत नाही! तीन भाषा बोलणाऱ्या मुलाचे डोके चौथ्या भाषेपाशी येऊन अचानक बंद पडते, यावर विश्वास कसा ठेवायचा? निदान चुकले आहे. दोष डोक्याचा नाही, शिकवण्याच्या रीतीचा आहे.

हे पोर तेलुगू कसे शिकले ते पाहा. त्याला कुणी 'इदि' म्हणजे 'हे' आणि 'एंत' म्हणजे 'किती' असा तक्ता दिला नाही. त्याने दुकानात आईच्या मागे उभे राहून 'इदि एंत' हे एका दमात ऐकले, वस्तूकडे बोट दाखवून एका दमातच म्हटले आणि दुकानदाराने भाव सांगितला. भाषा त्याच्याकडे अशी बांधलेल्या मोळीसारखी आली, सुट्या काटक्यांसारखी नाही. इंग्रजी मात्र आपण त्याला एकेक काटकी मोजून देतो. वहीच्या मागच्या पानांवर उभी रेघ मारायची, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. 'मिस्टेक' म्हणजे चूक. 'अटेंशन' म्हणजे लक्ष. 'एक्झाम' म्हणजे परीक्षा. 'ट्रुथ' म्हणजे सत्य. पाठांतरात आपली मुले कुणाला हार जाणार नाहीत. चारही अर्थ बिनचूक येतील.

आता त्याला म्हणा, 'मी चूक केली' हे इंग्रजीत लिही. तो 'डू' वापरतो, कारण 'करणे' म्हणजे 'डू' हे त्याला पक्के माहीत आहे. इंग्रज मात्र चूक 'मेक' करतो. 'लक्ष दे' याला तो 'गिव्ह' वापरतो, इंग्रज लक्ष 'पे' करतो, जणू पैसे मोजून देतो. आपण परीक्षा देतो, इंग्रज ती 'टेक' करतो, म्हणजे घेतो. नेमके उलटे! सत्य 'से' करायचे नसते, 'टेल' करायचे असते. दिवा 'ओपन' होत नाही, 'स्विच ऑन' होतो. शब्द सगळे बरोबर, व्याकरणही बरोबर, तरी वाक्य परके. तपासणारा गुण कापतो आणि मुलाला कळतच नाही की चुकले कुठे. शब्दकोश उघडून पाहिले तर त्याचा प्रत्येक शब्द खरा निघतो.

शब्दांना सोयरीक असते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची आणि ऊन रणरणते. मुसळधार वारा कुणी ऐकला आहे? चहा कडक असतो, पण तोच इंग्रजीत 'हार्ड' होत नाही, 'स्ट्राँग' होतो. पाऊस तिकडे 'हेवी', म्हणजे जड. आणि चळवळीतल्या माणसाला तर याचा धडा द्यायलाच नको. आपण मोर्चा काढतो, धरणे धरतो, उपोषणाला बसतो, निवेदन देतो, ठराव मांडतो, निषेध नोंदवतो, मागणी लावून धरतो. चौथी शिकलेला कार्यकर्तासुद्धा कधी 'धरणे काढले आणि मोर्चा धरला' असे म्हणणार नाही. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवले? पन्नास सभांत ऐकून ते त्याच्या जिभेवर बसले.

याच गोष्टी इंग्रजीत सांगायच्या तर त्यांची सोयरीक निराळी. निवेदन 'सबमिट' करतात, ठराव 'मूव्ह' करतात, मत 'कास्ट' करतात, तक्रार 'लॉज' करतात, याचिका 'फाइल' करतात, हरकत 'रेज' करतात, मागणी 'प्रेस' करतात आणि निदर्शने 'स्टेज' करतात. 'स्टेज' म्हणजे रंगमंच आणि 'प्रेस' म्हणजे छापखाना एवढेच पाठ केलेल्या मुलाला हे वाक्य वर्तमानपत्रात दिसले तर तो थबकतो. त्याला वाटते आपला शब्दसंग्रह कमी पडला. तसे नाही. शब्द त्याच्याकडे होता, त्या शब्दाचे सोयरे त्याला ठाऊक नव्हते. काही ठिकाणी दोन्ही भाषांची रीत जुळते हेही सांगितले पाहिजे. कायदा आपणही मोडतो, इंग्रजही 'ब्रेक' करतो. वचनाचे तसेच. शपथ आपणही घेतो, इंग्रजही 'टेक' करतो. जिथे जुळते तिथे शिकण्यासारखे काही नाही, पुढे जावे. जिथे जुळत नाही तेवढेच वहीत उतरावे. निम्मे ओझे तिथेच उतरते.

भाषाशास्त्रात या सोयरिकीला 'कोलोकेशन' म्हणतात. ही संज्ञा रूढ करणारे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांच्या आधी हॅरल्ड पामर यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याचा प्रश्न हाती घेतला आणि १९३३ मध्ये टोकियोहून अशा बांधलेल्या शब्दसमूहांची मोठी यादी प्रसिद्ध केली. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोलाच छापला गेला. १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने काढला आणि आज आपल्या महाविद्यालयांत ऑक्सफर्डचा जो जाडा विद्यार्थी-कोश दिसतो तो त्याचाच वंशज. मायकेल वेस्ट हे तर ढाक्याला होते. बंगाली मुलांना शिकवताना त्यांना दिसले की थोड्या पण नेहमी लागणाऱ्या शब्दांवर भर दिला पाहिजे. त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी १९५३ मध्ये निघाली. म्हणजे परक्या मुलाला इंग्रजी कसे शिकवावे याचे ज्ञान लाहोर, ढाका आणि टोकियोच्या वर्गांतून उभे राहिले. आपल्यासारख्याच मुलांना शिकवताना उभे राहिले. ते लंडनला गेले, पुस्तकांत गेले, महागड्या शाळांत परत आले. जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत मात्र त्यातले फार थोडे पोचले.

महाराष्ट्रात रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तोपर्यंत मराठी शाळेतले मूल पाचवीत पहिल्यांदा इंग्रजीचे तोंड पाहत असे. त्या निर्णयावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. मराठी बुडेल अशी ओरड झाली. ओरड करणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत होती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता आणि आजही विचारण्यासारखा आहे. आम्ही त्या निर्णयाच्या बाजूचेच. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले' मध्ये इंग्रजीचे महत्त्व कवितेतून सांगितले, तिथे ही बाजू कधीच ठरून गेली आहे. पण निर्णयाने पुस्तक पहिलीत आले, कान पहिलीत आले नाहीत. चार वर्गांना एकच शिक्षक, तो स्वतः शब्द-अर्थाच्या तक्त्यावर शिकलेला, त्याने मुलांना वेगळे काय द्यावे?

शहरातल्या सुखवस्तू घरातले मूल शाळेत जाण्याआधीच 'ब्रश युवर टीथ', 'मेक युवर बेड', 'डू युवर होमवर्क' ऐकत असते. दात घासायचे, अंथरूण आवरायचे आणि अभ्यास करायचा, या तिन्हींना तीन क्रियापदे. त्याला कुणी नियम सांगत नाही, आई सांगते तेच नियम. मोठेपणी तेच मूल मुलाखतीत सफाईने बोलते आणि त्या सफाईला मेरिट म्हणतात. जिवतीच्या पहाडावरून गेलेला मुलगा अर्धे वाक्य मनातल्या मनात मराठीतून भाषांतर करतो, क्रियापदापाशी अडखळतो आणि समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी बारीकसे हसतो. घरात फुकट ऐकायला मिळालेल्या शब्दांना गुणवत्ता म्हणायचे आणि ते ऐकायला न मिळालेल्याला मठ्ठ ठरवायचे, ही जुनीच चाल आहे. फक्त तिने आता टाय बांधला आहे.

ज्याच्या घरात ही भाषा बोलली जात नाही त्याने ती कशी मिळवायची, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदारांनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. या तपशिलाकडे आपण 'वडिलांची कडक शिस्त' म्हणून पाहतो आणि पुढे जातो. थोडे थांबून पाहिले पाहिजे. भाषांतरमाला म्हणजे शब्दांचा तक्ता नव्हे. तिथे अख्खे मराठी वाक्य समोर येते आणि त्याचे अख्खे इंग्रजी वाक्य करावे लागते. करता करता कळते की मराठीत इथे 'देणे' आहे पण इंग्रजीत 'देणे' चालत नाही. म्हणजे सुभेदारांनी मुलाला नुसते शब्द दिले नाहीत, शब्दांची सोयरीक दिली. सैन्यातल्या शाळेत शिकवलेल्या माणसाला ते उमगले होते. तोच मुलगा १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेला आणि पुढे त्याचे इंग्रजी कुठल्याही व्यासपीठावर कुणाच्या मागे राहिले नाही.

ज्याला नेहमीची सोयरीक पक्की ठाऊक असते त्यालाच ती मोडताही येते. त्या काळचे सुधारक 'अनटचेबिलिटी' या शब्दाला 'रिमूव्हल' जोडत, म्हणजे अस्पृश्यता निवारण. अंगावरची धूळ झटकावी तसे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'कास्ट' या शब्दाला 'ॲनायहिलेशन' जोडला. समूळ नायनाटाचा शब्द त्यांनी जातीशेजारी आणून बसवला आणि लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला ते भाषण सोसले नाही. मराठीत कुणी त्याचे 'जातिनिर्मूलन' केले, कुणी 'जातिप्रथेचे विध्वंसन'. दोन्हींत जोर वेगळा पडतो. नुसत्या शब्द-अर्थाच्या तक्त्यावर वाढलेल्या वाचकाला या निवडीतली ठिणगी दिसणार नाही. त्याला दोन्ही ठिकाणी 'नष्ट करणे' एवढेच दिसेल.

आता कुणी म्हणेल, ही सारी परीक्षेची आणि साहित्याची गोष्ट झाली, पहाडावरच्या शेतकऱ्याला तिचे काय? त्याला तर सर्वांत जास्त. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात राजुरा तालुक्यात होता. मग मुंबई राज्यात नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला. राज्य बदलले तसे दप्तर बदलले. निजामाचे दप्तर उर्दूत, नंतरचे मराठीत. पण ज्या कायद्याने त्याच्या वावराचा निकाल लागतो तो कायदा उच्च न्यायालयात इंग्रजीतूनच वाचला जातो, कारण संविधानाच्या कलम ३४८ नुसार तिथली भाषा इंग्रजी आहे. आणि कायद्याच्या इंग्रजीत शब्द कधी एकटा येत नाही, बांधलेल्या मोळीनेच येतो.

२००६ चा वनहक्क कायदा घ्या. त्यात 'अदर ट्रॅडिशनल फॉरेस्ट ड्वेलर' अशी चार शब्दांची मोळी आहे. सुटे सुटे अर्थ लावले तर 'इतर', 'पारंपरिक', 'वन', 'रहिवासी'. चाळीस-पन्नास वर्षे पहाडावर राबलेल्या माणसाला वाटेल, हा तर मीच! पण कायद्याने या मोळीला स्वतःचा अर्थ दिला आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी किमान तीन पिढ्या वनात मुख्यतः राहिलेला आणि उपजीविकेच्या खऱ्याखुऱ्या गरजांसाठी वनावर अवलंबून असलेला तोच. पिढी म्हणजे २५ वर्षे हेही तिथेच लिहिले आहे. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून पोटासाठी इथे आलेल्या बौद्ध, मातंग, बंजारा कुटुंबांनी १९३० चा पुरावा कुठून आणायचा? पिके उभी आहेत, घरे उभी आहेत, नाव मतदार यादीत आहे, आणि पट्टा त्या चार शब्दांपाशी अडला आहे. 'मुख्यतः राहिलेला' आणि 'खरीखुरी गरज' यांसाठी कायद्यात 'प्रायमरिली रिझाइडेड' आणि 'बोना फाइड लाइव्हलीहुड नीड्स' असे शब्द आहेत. दावा लिहिताना हे शब्द ज्याच्या डोळ्यांसमोर असतात तो पुरावा त्या दिशेने गोळा करतो. ज्याला ते माहीत नसतात तो नुसते 'आम्ही गरीब आहोत, जमीन द्यावी' असे लिहितो.

याच पहाडावर आणखी एक चमत्कार बघायला मिळतो. दोन राज्यांच्या दाव्यात सापडलेल्या सीमेवरच्या चौदा गावांत मराठी शाळा आहे आणि तेलुगूही आहे, महाराष्ट्राचे रेशनकार्ड आहे आणि तेलंगणचेही. तिथला बंजारा पलीकडच्या कागदावर लंबाडा म्हणून 'शेड्युल्ड ट्राइब' असतो, १९७६ पासून. अलीकडच्या कागदावर तोच माणूस विमुक्त जातीत, म्हणजे 'डिनोटिफाइड ट्राइब'. 'ट्राइब' हा शब्द दोन्हीकडे आहे. त्याच्या आधी कोणता शब्द बसला यावर जंगलाच्या जमिनीचा हक्क, शिष्यवृत्ती आणि निवडणुकीतली जागा ठरते. कोलामांना पूर्वी 'प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप' म्हणत. पुढे 'प्रिमिटिव्ह' जाऊन 'पर्टिक्युलरली व्हल्नरेबल' आले. आधीच्या शब्दाने माणूस मागास ठरत होता, नंतरच्याने तो धोक्यात आहे एवढे तरी मान्य झाले. आपल्यासाठीही 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव दुसऱ्यांनी ठरवले होते. गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी त्या नावालाच हरकत घेतली होती आणि १९३५ च्या कायद्यात 'शेड्युल्ड कास्ट्स' हा शब्दप्रयोग आला. नावातली जोडी कोण जुळवतो, हा सत्तेचा प्रश्न आहे हे त्यांनी नेमके ओळखले होते.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला गावाला वाहतुकीचा परवाना मिळेना. वनखाते बांबूला झाड समजत होते, कारण १९२७ च्या वन कायद्यात तसे होते. वनहक्क कायद्यात मात्र 'मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस', म्हणजे गौण वनोपज, या तीन शब्दांच्या व्याख्येत बांबू स्पष्ट घातलेला आहे. गावाने तो मुद्दा सोडला नाही आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबूला झाडांच्या व्याख्येतून काढणारी दुरुस्ती तर २०१७ मध्ये झाली. सहा वर्षे आधी एका ग्रामसभेने तीन शब्द पक्के धरून ठेवले होते!

ॲट्रॉसिटी कायद्याचे तेच. १९८९ च्या या कायद्यात जातीवरून अपमान केल्याच्या कलमात 'इन एनी प्लेस विदिन पब्लिक व्ह्यू' असे शब्द आहेत. आपले कितीतरी कार्यकर्ते त्याचा अर्थ 'सार्वजनिक ठिकाणी' असा करतात. 'पब्लिक प्लेस' आणि 'पब्लिक व्ह्यू' या दोन वेगळ्या जोड्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात २००८ मध्ये सांगितले. जागा खाजगी असली तरी लोकांच्या नजरेच्या टप्प्यात असली, उदाहरणार्थ घराचे फाटक, तर ती 'पब्लिक व्ह्यू' मध्ये येते. उलट २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेला प्रसंग त्यात बसत नाही असे ठरले. म्हणून फिर्याद देताना घटना कुठे घडली, ती जागा कुठून दिसत होती आणि घरच्यांशिवाय कोण हजर होते, हे जसे घडले तसे सगळे नोंदवावे लागते. ठाण्यात हे सांगणारा माणूस सोबत नसेल तर फिर्याद कच्ची राहते.

आणि २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती? कलम ४६ मध्ये 'वीकर सेक्शन्स' असा शब्दप्रयोग पहिल्यापासून आहे आणि तिथे लगेच अनुसूचित जाती-जमातींचा खास उल्लेख आहे. त्याच जोडीला पुढे 'इकॉनॉमिकली' हा एक शब्द लावला गेला आणि नव्या आरक्षणातून नेमके तेच वर्ग वगळले गेले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते कायम ठेवले. एका क्रियाविशेषणाने दुर्बळांची यादीच पालटली. हे वाचता यायला इंग्रजीची पदवी लागत नाही, जोडीवर नजर लागते.

तर मग करायचे काय? 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' या पाट्यांवर पैसा उधळू नये, हे पहिले. ते चार वाक्ये पाठ करून घेतात, ती रेल्वे स्टेशनवर चालतात आणि अर्ज लिहिताना उपयोगी पडत नाहीत. लागते ती एक दोनशे पानी वही. तिच्यात सुटा शब्द लिहायला बंदी. 'डिसिजन' असे लिहायचेच नाही, 'मेक अ डिसिजन' लिहायचे, आणि खाली आपल्या स्वतःच्या जगण्यातले एक वाक्य. पाठ्यपुस्तकातली सफरचंदे आणि बर्फ नको. आपल्याकडे कापूस आहे, 'पिक कॉटन' लिहा. पेरणी आहे, 'सो सीड्स' लिहा. मजुरी आहे, 'अर्न अ वेज' लिहा. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात कुणाचा भाऊ पाळीवर जातो, त्याचे 'वर्क अ नाइट शिफ्ट' लिहा. स्वतःच्या घरातले वाक्य विसरायला होत नाही.

रोज पाच जोड्या पुरेत. वर्षाला अठराशेच्या वर होतात. पण नुसत्या उतरवून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू हाताने झाकायची, मराठीवरून इंग्रजी आठवायची. आठवली नाही तिच्यावर खूण, आठवड्याने पुन्हा. इंग्रजी वर्तमानपत्रातली एकच बातमी तीनदा वाचावी. पहिल्यांदा अर्थासाठी. दुसऱ्यांदा प्रत्येक नामापुढचे क्रियापद पेन्सिलने अधोरेखित करण्यासाठी. तिसऱ्यांदा बातमी झाकून तीच चार ओळींत स्वतः लिहिण्यासाठी. स्पर्धा परीक्षांत गाळलेल्या जागांचे जे प्रश्न येतात त्यांतले बरेचसे या सोयरिकीचेच असतात, तेव्हा ही मेहनत तिथेही कामी येते. पहाडावर मोबाइलला रेंज मिळाली तर ठीक, नाही मिळाली तरी वहीचे काही अडत नाही.

वाचायचे काय हा प्रश्न आपल्याला पडूच नये. सरकारने छापलेले द्विभाषी संविधान आहे, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. वसंत मून यांनी संपादित केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून काढत आले आहे आणि त्यांतल्या बऱ्याच लेखनाचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून रोज एक परिच्छेद वाचला तर त्याच्याइतकी चांगली भाषांतरमाला दुसरी नाही. ज्याला कोश घ्यायचा आहे त्याने शब्दांच्या अर्थाचा आणखी एक कोश घेऊ नये. ऑक्सफर्डने २००२ मध्ये खास या जोड्यांचाच कोश काढला आहे, त्यात 'डिसिजन' उघडले की अर्थाऐवजी त्याच्या मागेपुढे बसणारे शब्द मिळतात. तो गावच्या वाचनालयात एक असला तरी पन्नास मुलांना पुरतो. ग्रंथालयाच्या अनुदानातून कथा-कादंबऱ्यांसोबत त्याची मागणी करायला काय हरकत आहे?

हसणाऱ्यांना घाबरायचे कारण नाही. भारतीय इंग्रजीत 'गिव्ह ॲन एक्झाम' सर्रास चालते आणि आपल्याच देशात चलनात आलेला 'प्रीपोन' आता ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला आहे. भाषा कुणाच्या बापाची नाही. पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि न्यायालयाच्या दाव्यात जे चालते ते ठाऊक असले पाहिजे, मग मोडायचे की पाळायचे हे आपण ठरवू. माणसांच्या सोयरिकीतली रूढी मोडायला निघालेल्या चळवळीला शब्दांच्या सोयरिकीतली रूढी शिकायला सांगतो आहे, यातली गंमत आमच्याही लक्षात आली आहे.

याच चांदा जिल्ह्याने बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे दिले. १९६९ ते १९७२ या काळात ते राज्यसभेचे उपसभापती होते. सभागृह चालवणे म्हणजे दिवसभर 'पॉइंट ऑफ ऑर्डर', 'मूव्ह द मोशन', 'पुट द क्वेश्चन टू व्होट' अशा बांधीव भाषेतच वावरणे. १६ ऑक्टोबर १९५६ ला ज्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली तिथल्या दीक्षाभूमीवर आज महाविद्यालय उभे आहे. २०११ पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे. या दोन जिल्ह्यांतून दरवर्षी इंग्रजी घेऊन पदवीधर बाहेर पडतात. त्यांच्यापैकी काहीजणांनी सुटीत आपापल्या गावच्या विहारात किंवा समाजमंदिरात संध्याकाळचा एक तास दिला तरी काम सुरू होते. सुरुवात पुस्तकापासून करू नये. गावातल्या कुणाच्या तरी घरी वनहक्काच्या दाव्याची झेरॉक्स प्रत पेटीत पडलेली असेल, आणि त्या कायद्याची इंग्रजी प्रत मिळवणे अवघड नाही. दोन्ही समोर ठेवावे, मुलांना सभोवती बसवावे आणि ज्याची जमीन अडली आहे त्या म्हाताऱ्यालाही बोलवावे. मग एकेका जोडीखाली रेघ ओढत विचारावे, हा शब्द इथे कुणासोबत आला आहे?